वीणाच्या हाताचं माप

आमच्या घरात बंदूक आहे ही गोष्ट मी टोरोंटोशेजारच्या मार्कहॅमच्या मराठी मंडळींपासून कायम लपवून ठेवली. गणपतीत चाळीस-पन्नास माणसं घरी येऊन जातात, बेसमेंटमध्ये पंगत बसते, आणि फर्नेसशेजारच्या करड्या लोखंडी कपाटाला टेकून कुणीतरी आणखी एक मोदक मागत असतं. कपाटात काय आहे असं विचारलंच, तर मी 'टॅक्सचे जुने कागद' म्हणून सांगतो. टॅक्स म्हटलं की माणसं पुढचं विचारत नाहीत. बंदूक माझी असती तर मी चारचौघांत मिशीवर ताव देऊन सांगितलं असतं. पण ती माझ्या बायकोची आहे.

वीणा चौसष्ट वर्षांची आहे. उंची पाच फुटांच्या जरा वर. आणि पन्नास मीटरवरच्या कागदावर नाण्याएवढ्या काळ्या ठिपक्यात ती गोळी घालते. मी नागपूरचा, जन्मभर यंत्रांचे सुटे भाग डिझाइन केले, आता रिटायर झालोय, आणि मला अजून लक्ष्मी बॉम्बने दचकायला होतं. देवाने जोड्या जुळवताना चष्मा लावला नव्हता, असं आमची मुलगी रुचा म्हणते. म्हणजे इंग्लिशमध्ये म्हणते.

वीणाचं हे वेड सांगलीतलं. कॉलेजात ती एनसीसीत होती. सकाळी धुक्यात मैदानावर सतरंज्या टाकायच्या, पालथं पडायचं, आणि पॉइंट टू-टूने, म्हणजे सरावाच्या सगळ्यात बारीक गोळीच्या रायफलीने, नेम धरायचा. शिकवायला पलटणीतून आलेले एक हवालदार होते. त्यांना सगळ्या मुली 'उस्ताद' म्हणायच्या. वीणाचा नेम पक्का होता, श्वास धरणं पक्कं होतं, पण तिच्या डाव्या हाताची बोटं रायफलीभोवती पुरायची नाहीत. रायफल सैनिकांच्या हाताची, हिचा हात शाळकरी मुलीसारखा. उस्ताद म्हणायचे, "हाथ छोटा है बेटी, रायफल बड़ी है। दूध पियो, बढ़ेगा।" तिने हॉस्टेलवर नाक दाबून दूध प्यायलं. हात काही वाढला नाही. सव्वीस जानेवारीच्या दिल्लीच्या कॅम्पसाठी निवड चालली होती तेव्हा शेवटच्या फेरीत रायफल हातात जराशी कलली आणि तिचं जाणं राहिलं. हे सगळं ती मागच्या आठवड्यात घडल्यासारखं सांगते.

मग लग्न, टोरोंटो, बर्फ, रुचाचा जन्म, वीणाची बँकेतली नोकरी, सबवेतले धक्के. रुचा शिकून पाच तासांवरच्या, फ्रेंच बोलणाऱ्या लव्हालला गेली, तिथेच रमली, आणि घरात आम्ही दोघं उरलो. तेव्हा एक दिवस वीणाने जाहीर केलं की तिने फायरआर्म्सच्या कोर्सला नाव घातलंय. मला वाटलं दोन दिवसांचं खूळ आहे. तिने कोर्स केला, लायसन्स काढलं, आणि मला घेऊन एका जुन्या रायफली विकणाऱ्याकडे गेली.

तिथे तिला ती रायफल मिळाली. एकेकाळी इथल्या कॅडेटांना शिकवायला वापरायचे तसली, सांगलीतलीच चुलत बहीण म्हणावी अशी. मधल्या काळात ती एका शिकाऱ्याकडे होती आणि त्याने वजन कमी करायला तिचं लाकूड सगळीकडून तासून बारीक केलं होतं. इथे जरा समजावून सांगायला हवं. रायफलीच्या नळीखाली जे लांब लाकूड असतं ते डाव्या तळहातावर टेकतं. नळीच्या वरून आणखी एक लाकूड झाकणासारखं बसतं, तापलेल्या नळीचा चटका लागू नये म्हणून. त्याला हँडगार्ड म्हणतात. हाताची बोटं खालून वळून वर येतात आणि त्या झाकणाच्या कडेवर विसावतात. त्या दुकानात वीणाने रायफल उचलली, बोटं वळवली, आणि ती पुरली. आयुष्यात पहिल्यांदा पुरली. तिने माझ्याकडे जसं बघितलं तसं आमच्या लग्नातही बघितलं नव्हतं.

तेव्हापासून रविवार तिचा. सकाळी मी गाडी काढायची, मार्कहॅमच्या उत्तरेला शेतं सुरू होतात तिथल्या क्लबवर जायचं, कानावर आवाज अडवणारे मफ चढवून मागच्या बाकावर थर्मासमधला चहा पीत बसायचं. परत येताना वीणा गाणं गुणगुणायची. आठवडाभर गुडघा, ग्रोसरी आणि रुचाचं न होणारं लग्न यांतच असणारी बाई रविवारी दुपारी वीस वर्षांची व्हायची. मला बंदूक कधी आवडली नाही, पण रविवारची ती वीणा मला फार आवडायची. हे मी तिला कधी बोललो नसेन, पण आहे ते असं आहे.

मे महिन्यात ते झालं. फायरिंग संपलं होतं, रायफल रिकामी होती, वीणा ती टेबलावरून उचलत होती, आणि तिच्या डाव्या हातातून ती सुटली. सिमेंटवर आपटली. हँडगार्ड उभंच्या उभं तडकून सुटं झालं, ते मी उचलून घेतलं. क्लबवर कुणी एका शब्दाने रागावलं नाही. उलट दोघांनी 'यू ओके?' म्हणून विचारलं. त्यांनी ओरडायला हवं होतं. उस्ताद ओरडले असते, आणि तिला बरं वाटलं असतं.

गाडीत ती म्हणाली, "बास झालं आता."

"काय बास झालं?"

"रायफल हातातून पडते म्हणजे काय? मी ती देऊन टाकणार. इथल्या कॅडेटमधल्या पोरांना उपयोग होईल. विंटरच्या आधी कुणालातरी न्यायला सांगते."

"अगं, हँडगार्ड फुटलंय. नवीन लावू."

"हात घसरला माझा, सूर्यकांत," असं ती म्हणाली. एरवी ती मला अहो म्हणते. नाव घेतलं की विषय संपला असं समजायचं.

पण मी डिझाइनचा माणूस. भाग मोडला तर भाग बदलायचा, अख्खं यंत्र भंगारात घालायचं नाही, एवढंच मला येतं. लाकूड जुनं, हाताच्या घामाने गुळगुळीत झालेलं, घसरणारच. मी मनाशी ठरवलं की इतकं झकास हँडगार्ड आणायचं की हिने देऊन टाकायचं नावच काढू नये. विंटरच्या आत ते बसवायचं. नाहीतर रायफल जाणार, आणि तिच्याबरोबर माझे रविवारही.

आधी क्लबवरच चौकशी केली. तिथे रायफली दुरुस्त करणारा जो माणूस आहे त्याने एका खोक्यात हात घालून एक हँडगार्ड काढलं. लष्करी मापाचं, जसंच्या तसं, बर्च लाकडाचं, पांढरट आणि ढब्बं. मी व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायची माझी मोजपट्टी, खिशात घेऊनच गेलो होतो. मापं घेतली, आमच्या तासलेल्या हँडगार्डाशी ताडून पाहिली आणि त्याला थँक यू म्हणून परत केलं. पैलवानाच्या मनगटाचं माप होतं ते. हिच्या त्या एवढ्याशा हातात ते लाटण्यासारखं दिसलं असतं. मग ऑनलाइन पाहिलं, तर सगळं काळं प्लास्टिक. वीणाने माझ्या खांद्यावरून डोकावून "सिंकखालचा पाइप" एवढंच म्हटलं आणि ती धुणं वाळत घालायला गेली. तिला वाटलं मी मजा म्हणून बघतोय.

शेवटी रुचाने लव्हालमधला एक म्हातारा शोधून काढला. रेआल त्याचं नाव. कपाटं आणि खुर्च्या बनवण्यात जन्म गेला, आता गॅरेजमध्ये शिकाऱ्यांच्या बंदुकांची लाकडं करतो. मी रुचाला भेटायला जातो असं सांगून निघालो, तडकलेलं हँडगार्ड टॉवेलमध्ये गुंडाळून बरोबर घेतलं. सुटं लाकूड न्यायला लायसन्स लागत नाही. आणि कोटाच्या आतल्या खिशात आणखी एक वस्तू घेतली, त्याबद्दल पुढे सांगतो.

रेआल फक्त फ्रेंच बोलत होता आणि भरपूर बोलत होता. रुचा मध्ये उभी राहून मला त्याचं सार सांगत होती.

"बाबा, ही सेज वॉलनट इज बेस्ट."

"अक्रोड चालेल. सांग त्याला, बारीक हवं. जुनं होतं त्याच्याहून किंचित बारीकच."

रेआलने जुना तुकडा हातात फिरवला आणि काहीतरी विचारलं.

"ही वॉन्ट्स टू नो आईचा हँड केवढा आहे. ग्लव्ह साइज?"

"ग्लव्ह साइज मला काय माहीत? बांगडीचा माहीत आहे. दोन-चार."

"व्हॉट इज दोन-चार?"

मग मी खिशातून ती वस्तू काढली. वीणाच्या ड्रेसिंग टेबलच्या खालच्या खणात, जुन्या डब्यात ठेवलेली हिरव्या काचेची एक बांगडी. मापाशिवाय मी कुठे जात नाही, आणि बायकोच्या बांगडीचं माप पाठ असलेला नवरा मी एकटाच असेन असं मला तेव्हा वाटत होतं. म्हणजे चांगलाच फुशारलो होतो.

ते माप माझ्याकडे कोल्हापूरहून आलं. लग्नानंतर आम्ही अंबाबाईच्या दर्शनाला गेलो होतो. देवळाबाहेर बांगड्यांची दुकानं, आणि त्यातल्या एका दुकानात बसलेल्या बाईने वीणाचा पंजा आपल्या हातात घेऊन दाबला, अंगठा आत दुमडला, आणि लोणी वळावं तसा तो हात एवढासा करून टाकला. "दोन-चार," ती म्हणाली. "पोरीचा हात हाय. जपा हो दादा." बघता बघता दोन्ही हातांत बारा-बारा बांगड्या गेल्या, एकही फुटली नाही. मी पैसे देत होतो आणि त्या हाताकडे बघत होतो. नवीन नवरा, लाजायचं की बघायचं ते कळत नव्हतं. नंतर महाद्वारातल्या गर्दीत मी तो हात धरला तो गाडी येईपर्यंत सोडला नाही. कुणी मला वीणाचा हात कसा आहे विचारलं तर मला तोच दिसतो. दोन-चार.

रेआलने ती बांगडी आपल्या तीन बोटांवर चढवली, तिथेच ती अडकली, आणि तो खदखदून हसला. "ओ, प्तीत मॅदाम," म्हणजे इवलीशी बाई, असं काहीसं म्हणाला. बांगडी त्याने ठेवून घेतली, कामाच्या टेबलावर खिळ्याला टांगली. रुचा माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघत होती. "दॅट्स ॲक्च्युअली रोमँटिक, बाबा," ती म्हणाली. मी विषय बदलला.

सप्टेंबर संपता संपता पार्सल आलं, सोबत बांगडीही परत. कागद सोडला आणि मी खुर्चीत बसलोच. अक्रोडाचं गडद लाकूड, लांब रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाहत गेलेल्या, कडा इतक्या नाजूक की बोट फिरवत राहावं.

वीणा दुपारी लायब्ररीतून आली. मी म्हटलं, "कपाटाची किल्ली दे."

"कशाला?"

मी हँडगार्ड तिच्या हातात ठेवलं. तिने ते उलटसुलट करून पाहिलं, नाकाशी नेऊन वास घेतला. खाली गेली आणि रायफल घेऊन आली. लायसन्स तिचं, त्यामुळे मी त्या रायफलीला हात लावायचा तर ती शेजारी हवी, असा कायदा आहे. घरातल्या बाकीच्या वस्तूंनाही तोच लागू आहे.

डायनिंग टेबलावर जुनी चादर अंथरली. तिने बोल्ट, म्हणजे गोळी नळीत ढकलणारा दांडा, काढून बाजूला ठेवला, नळीत टॉर्च मारून रिकामी असल्याची खात्री केली, मलाही करायला लावली. मी हँडगार्ड धरून ठेवणाऱ्या पट्टीचा स्क्रू सैल केला आणि पट्टी पुढे सरकवली. नवीन बसवलं तर ते एका बाजूला किंचित डुगडुगलं. आतून कुठेतरी नळीला टेकत होतं. लाकूड नळीला टेकलं की नळी तापल्यावर नेम हलतो, हे मला इतक्या रविवारांत ऐकून ऐकून पाठ झालं होतं. पण नेमकं कुठे टेकतंय ते वरून दिसत नाही.

"थांबा," वीणा म्हणाली, आणि वर जाऊन काजळाची डबी घेऊन आली. तिने नळीवर बोटाने काजळ फिरवलं, पातळ, सारखं, बाळाच्या डोळ्यात घालावं तसं. हँडगार्ड बसवून काढलं, तर आतल्या खाचेत दोन ठिकाणी काळे डाग. "इथे घासा," ती म्हणाली. मी सॅंडपेपर काढला. बसवायचं, काढायचं, घासायचं, पुन्हा काजळ. शेवटी वीस डॉलरची नोट नळी आणि लाकडाच्या मधून या टोकापासून त्या टोकापर्यंत न अडकता सरकली. माझ्या नाकावर काजळ लागलेलं होतं, ते तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही.

मग लाकडाला तेल. हार्डवेअरच्या दुकानात ज्याला लिनसीड ऑइल म्हणतात ते म्हणजे आमचं जवसाचं तेल. डबा उघडला आणि मी थेट नागपुरात गेलो. आमच्याकडे जवसाची चटणी रोज ताटात असायची. आई जवस भाजायला घेई तेव्हा ते तव्यावर तडतडत, आणि तो वास शाळेतून येताना गल्लीच्या तोंडाशीच भेटायचा. मी वीणाला ते सांगितलं, पुन्हा सांगितलं, तिने पुन्हा ऐकलं. तीही मग सांगलीची एनसीसीची खोली सांगत बसली. तिथे रायफली भिंतीला ओळीने उभ्या असायच्या आणि पावसाळ्यात मुलींना बसवून लाकडांना हेच तेल चोळायला लावायचे. संबंध दुपार आम्ही एकाच तेलाने दोन गावं घासत बसलो होतो. किती महिन्यांत आम्ही असे बोललो नव्हतो. मला वाटलं, जमलं.

तेल मुरायला चार दिवस दिले. मग बेसमेंटमध्ये गालिच्यावर वीणा पालथी पडली, रिकामी रायफल घेऊन, समोरच्या भिंतीवर चिकटवलेल्या टिकलीवर नेम धरून. मी पायरीवर बसून बघत होतो. तिची बोटं त्या अक्रोडाभोवती वळली. एक श्वास. दुसरा श्वास पुरा व्हायच्या आत तिने रायफल खाली ठेवली.

"छान झालंय," ती म्हणाली. उठली आणि रायफल कपाटात ठेवून वर गेली.

छान झालंय म्हणून कुणी असं निघून जातं का? मी तिच्यामागे किचनमध्ये गेलो. "काय झालं?"

"काही नाही."

"वीणा."

तिने नळ बंद केला. "दुखतं. बारीक वस्तू घट्ट धरली की जास्त दुखतं. सुई, पेन, कपाचा कान. बोटं एवढी वळतच नाहीत आता."

"कधीपासून?"

"झाली दोन-तीन वर्षं. त्या दिवशी रायफल घसरली नाही. हात सुटला माझा."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगून काय? तुम्ही पहिल्यांदा रायफल बंद करायला लावली असती."

लावली असती. म्हणूनच मी चिडलो. म्हटलं, लव्हालपर्यंत गाडी हाकली, त्या फ्रेंच म्हाताऱ्याला तुझ्या हाताचं अचूक माप दिलं, आणि तू आता सांगतेस?

"माप कुठून दिलंत?"

मी खिशातून बांगडी काढून टेबलावर ठेवली.

ती आधी हसली. मग बांगडी उचलून तिने डाव्या हातावर चढवायला घेतली. अंगठा दुमडायला गेली, पण तो दुमडेना. बांगडी बोटांच्या पेरांपाशीच अडली. तेव्हा मी तो हात पाहिला. पेरं सुजून गाठीसारखी झालेली, तर्जनी जराशी वाकडी, अंगठ्याच्या मुळाशी टेंगूळ. मनगटात पेचाच्या पाटल्या, उघडून घालायच्या. मला वाटलं होतं की ती फॅशन आहे.

"हे त्या कोल्हापूरच्या मुलीचं माप आहे हो," वीणा म्हणाली. "तिला अगदी बरोबर बसलं असतं. कॉलेजात असताना असं मिळालं असतं ना, तर गेली असती ती दिल्लीला."

मला रडू आलं. या वयात, किचनमध्ये, हातात नाक पुसायला पेपर टॉवेल. ज्या हाताचं पोळी-भाजीचं ताट रोज माझ्यासमोर येतं, तो हात मी कधीपासून पाहिलाच नव्हता, मनातलाच हात बघत होतो. तीही रडली. मग म्हणाली, "जाऊ द्या. त्या कॅडेटवाल्यांना सांगून ठेवलंय. पुढच्या आठवड्यात येऊन नेतील."

आणि ती परातीत कणीक मळायला लागली. आमच्याकडे काहीही झालं तरी संध्याकाळच्या पोळ्या चुकत नाहीत. मी नाक पुसत तिच्या हाताकडे बघत होतो, आता जरा नीट. मूठ कणकेत बुडत होती, वर येत होती.

"हे नाही दुखत?"

"नाही. जाड असलं की नाही दुखत. लाटणं धरवतं मला. पेन नाही धरवत."

मी तिच्यापुढून परात ओढलीच. "चल खाली. रायफल काढ."

"अहो, पोळ्या..."

"पोळ्या राहू देत."

बोल्ट काढलेल्या रायफलीच्या त्या नाजूक हँडगार्डावर मी प्लास्टिक रॅप गुंडाळला आणि त्यावर कणीक थापली. वीणाला वाटलं मला काहीतरी झालंय. मी म्हटलं, धर. तिने धरलं. "दुखतंय?" "थोडं." आणखी कणीक. "आता?" "कमी." आणखी थापली, कडेने वळवली. तिने बोटं टेकवली आणि डोळे मिटले. मी वाट बघत होतो. "आता नाही," ती हळूच म्हणाली. "आता बोटं आपोआप राहतायत."

ती हलायच्या आत मी व्हर्नियर लावलं. खालच्या लाकडाचं माप वजा केलं. आकडा बघितला, पुन्हा मोजलं. हा आकडा मी आधी पाहिला होता. क्लबवरच्या खोक्यातल्या त्या ढब्ब्या, पांढरट, लष्करी हँडगार्डाचा होता तो, तंतोतंत.

"काय झालं?" वीणाने विचारलं.

"तुला साधंच लागतंय. सैनिकांना द्यायचे तेच. जसं होतं तसं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग कणकेने माखलेली रायफल हातात धरून गालिच्यावर बसली आणि हसायला लागली. इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. "बढ़ेगा म्हणाले होते ना उस्ताद," ती म्हणाली. "बघा. वाढला हात. एवढी वर्षं लागली."

रात्री पोळ्या झाल्या नाहीत. पिझ्झा मागवला. कॅडेटवाल्यांना फोन मात्र तिने केला, माझ्यासमोरच. रायफल न्यायला येऊ नका, विचार बदललाय, असं इंग्लिशमध्ये सांगितलं आणि दोनदा सॉरी म्हणाली.

ते बर्चचं हँडगार्ड मी क्लबवरून मुकाट्याने घेऊन आलो. रेआलचं अक्रोडाचं काढलं, हे बसवलं. पुन्हा काजळ, पुन्हा सॅंडपेपर, पुन्हा जवसाचं तेल. खालचं लाकूड तासलेलं असल्यामुळे कडेला ते जरा बाहेर येतं, तिथे घासून उतार दिला. गडद रायफलीवर ते पांढरं लाकूड ठिगळासारखं दिसतं. मी तसं म्हणालो तर वीणा म्हणाली की ठिगळ लावलेली गोधडी जास्त ऊबदार असते, आणि तुम्ही आता लाकडाच्या रूपाबद्दल बोलू नका.

खंडेनवमीला तिने रायफलीवर नेहमीसारखं झेंडूचं फूल ठेवलं, शेजारी माझं व्हर्नियर. त्याच्या पुढच्या रविवारी आम्ही क्लबवर गेलो. मेपलची पानं गळून पार्किंग लॉट लाल झाला होता, हवा बोचरी होती. मी मागच्या बाकावर न बसता परवानगी घेऊन तिच्यामागे उभा राहिलो. ती चटईवर पालथी पडली. पहिली गोळी सुटली तेव्हा मी डोळे मिटले, दुसऱ्या गोळीला मिटले नाहीत. तिची सुजलेली बोटं त्या ढब्ब्या लाकडावर आडवी टेकलेली होती, सैल, घाई नसलेली. दोन गोळ्या बाहेर गेल्या. बाकीच्या काळ्यात. तिने कागद पाहून नाक मुरडलं, म्हणजे खूश होती.

फायरिंग थांबल्याची शिटी झाली. रायफल रिकामी करून बाजूला ठेवल्यावर ती चटईवरूनच म्हणाली, "उठवा मला."

मी वाकलो आणि सवयीने तिचा पंजा धरायला हात पुढे केला.

"पंजा नको," ती म्हणाली. "मनगट धरा. तिथे नाही दुखत."

मी मनगट धरलं आणि तिला उठवलं. आणि मग माझ्या डोक्यात एकेक दिवस यायला लागला. बर्फावर चालताना, जिन्यावरून उतरताना, देवळातल्या गर्दीत, डॉक्टरकडच्या कॉरिडॉरमध्ये, मी प्रत्येक वेळी तो पंजा प्रेमाने घट्ट आवळला होता. दोन-तीन वर्षं. आणि तिने एकदाही हात सोडवून घेतला नव्हता.

"का नाही बोललीस?" मी विचारलं.

"तुम्ही हात धरायचं थांबला असता," ती म्हणाली, आणि कानावरचे मफ काढून तिने ते माझ्याकडे दिले. मी ते खिशात घातले. गाडीपर्यंत आम्ही तसेच गेलो, माझा हात तिच्या मनगटाभोवती.